माझ्या फोटोखाली ८ बँड लिहिलंय, तो माझा नाही

गेल्या बुधवारी नाइट ड्युटी करून घरी आले, चपला काढते न काढते तोवर इन्स्टावर एका अनोळखी मुलीचा मेसेज. "ताई अभिनंदन! ८ बँड! मी पण तोच कोर्स घेतीये, जरा गाईड कराल का?" खाली स्क्रीनशॉट. त्यात मी. नवरात्रातली हिरवी साडी, हातात मोबाईल, मोबाईलवर क्लासचं ई-सर्टिफिकेट, आणि खाली पिवळ्या ठळक अक्षरात "स्टाफ नर्स, मिरज. ओव्हरऑल ८."

बँड म्हणजे आयईएलटीएस, ज्याला सगळे आयेल्ट्स म्हणतात, त्या इंग्लिशच्या परीक्षेतले मार्क. मला आलेत साडेसहा. त्यात रायटिंगला साडेपाच. म्हणून लिहितीये हे सगळं, नाहीतर खरं सांगायचं तर मला हे कुणाला कळूच द्यायचं नव्हतं. नर्स असून, रोज शंभर माणसं बघत असून अशी कशी फसलीस म्हणतील म्हणून आठ महिने गप्प होते.

मला यूकेला जायचंय. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस ॲकॅडेमिक द्यायची तर ओव्हरऑल ७ लागतात, लिसनिंग रीडिंग स्पीकिंगला प्रत्येकी ७ आणि रायटिंगला ६.५. ओईटी, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची इंग्लिशची परीक्षा, ती पण चालते, पण तिची फी ऐकून मी आयेल्ट्सच धरली. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी मीडियम, नंतर नर्सिंग इंग्लिशमधनं. पेशंटची हिस्टरी इंग्लिशमध्ये लिहिता येते, पण "शहरीकरणाचे फायदे तोटे" यावर अडीचशे शब्द म्हणलं की हात थांबतो. माझी भीती एकच, माझ्याकडं शब्द कमी आहेत. आणि जी भीती असते ना नेमकी तीच विकणारा माणूस रीलमध्ये येतो.

रील होतं, "रोज १०० शब्द, ३० दिवस, ३००० ॲकॅडेमिक वर्ड्स, बँड ८ नाहीतर पैसे परत." मग रविवारी रात्री आठला ९९ रुपयांचा वेबिनार. तिथं एक सर, मागं परदेशातल्या कुठल्यातरी युनिव्हर्सिटीचा फोटो, स्वतःला एक्स-एक्झामिनर म्हणवत होते. रिझल्टचे स्क्रीनशॉट भराभर सरकवत होते आणि त्यातला एक मला आजही डोळ्यासमोर दिसतो, ओव्हरऑल ७.८. आयेल्ट्समध्ये ७.८ असतच नाही हो! ७, ७.५, ८, अर्ध्या अर्ध्यानेच वाढतं ते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. ज्याला परीक्षेचं काहीच माहीत नाही त्यालाच हे लोक गाठतात, माहिती असलेला माणूस ९९ रुपये कशाला भरेल.

वेबिनार संपायच्या आधीच काउन्सेलरचा फोन. "मॅम, फक्त चारच सीट राहिल्यात, उद्यापासून फी पंचेचाळीस हजार, आज सत्तावीस." सत्तावीस हजार एकदम नाहीत म्हणलं तर "अहो मॅम, नो कॉस्ट इएमआय आहे ना, महिन्याला तीन हजार, नऊ महिने, एका शिफ्टचे पैसे." सासूबाई बाजूला भाजी निवडत होत्या, त्यांनी फोन ठेवल्यावर एवढंच विचारलं, "शब्दांचे सत्तावीस हजार? शब्दांना कधीपासनं पैसे पडायला लागले?" मला राग आला होता. म्हणलं तुम्हाला नाही कळायचं.

लिंक आली. आधार, पॅन, ओटीपी, कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवा, झालं. दोन मिनिटात. मला वाटलं मी हप्त्यात फी भरायला फॉर्म भरला. प्रत्यक्षात माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं सत्तावीस हजारांचं लोन झालं होतं, पूर्ण पैसे त्या दिवशीच क्लासवाल्यांच्या खात्यात गेले, आणि मी आता क्लासची नाही तर फायनान्सवाल्यांची देणेकरी. हा फरक नीट लक्षात घ्या. उद्या क्लास बंद पडला, सर पळून गेले, तरी हप्ता चालूच, नाही भरला तर सिबिल तुमचं खराब होणार, त्यांचं नाही. मला हे कळलं तिसऱ्या महिन्यात. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असं ऑनलाइन लोन घेतल्यावर सुरवातीचे काही दिवस कूलिंग ऑफ पिरियड द्यायचा, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन लोन विना दंड परत करता येतं. हे पण मला तिसऱ्याच महिन्यात कळलं. ते कागद पहिल्या दिवशीच मेलवर आलेले, मी उघडलेच नव्हते.

मग आली ती पीडीएफ. ३००० शब्द, प्रत्येकापुढं मराठी अर्थ. रात्री दोनचा राउंड झाला, बीपी टेंपरेचर लिहून झालं की नर्सिंग स्टेशनवर बसून पाठ करायचे. अबँडन, ॲबस्ट्रॅक्ट, ॲकॅडमी, ॲक्सेस, अकोमोडेट... अशी ए पासून सुरवात. तीन नंबरच्या बेडवरच्या आजी विचारायच्या, "सिस्टर, झोपेत बडबडताय काय?"

अर्थ बघून मात्र मलाच शंका यायला हवी होती. पिरियड म्हणजे मासिक पाळी. लेबर म्हणजे प्रसूती वेदना. व्हॉल्यूम म्हणजे आवाज. इश्यू म्हणजे अंक. अहो मी नर्स आहे, पिरियड आणि लेबर मला त्याच अर्थाने जास्त माहीत आहेत, पण निबंधात लेबर कॉस्ट आलं तर तिथं काय बाळंतपणाचा खर्च लिहू? सरळ मशीनमधनं भाषांतर करून चिकटवलेलं होतं, कुणी एकदा वाचून पण बघितलं नव्हतं. मी ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "ट्रस्ट द प्रोसेस मॅम," आणि दोन दिवसांनी माझा मेसेज डिलीट.

रोज क्विझ. शब्दासमोर अर्थ जुळवा. तिसाव्या दिवशी माझे शंभरपैकी ९६ आले, "वोकॅब चॅम्पियन" असं सर्टिफिकेट मिळालं, सर्टिफिकेटसोबत एक सेल्फी टाका म्हणले ग्रुपवर, मी टाकला. हिरवी साडी. आता कळलं तो फोटो कशाला हवा होता.

निबंध चेक करून द्यायचे ते तर वेगळंच प्रकरण. मी लिहून पाठवला की मिनिटाच्या आत परत. अडीचशे शब्द मिनिटात कोण वाचतं? एकदा प्रॅक्टिसच्या बार चार्टवर मी लिहिलं होतं "द नंबर ऑफ नर्सेस इन्क्रीज्ड स्लाइटली." साधं, आणि आकड्यांना धरून, कारण चार्टमध्ये ४० चे ४४ झाले होते. ते खोडून दिलं, "द प्लेथोरा ऑफ नर्सेस स्कायरॉकेटेड एक्स्पोनेन्शियली," म्हणजे नर्सेसचा नुसता पूर आला आणि आकाशाला भिडला. शेरा, "यूज हाय बँड वर्ड्स." मी पण शिकले तसंच. प्लेथोरा, मिरियड, "इन धिस कंटेम्पररी एरा", सगळं वहीत वेगळ्या रंगाने.

परीक्षा पुण्यात दिली, कॉम्प्युटरवर, फी सतरा हजाराच्या आसपास गेली ती वेगळीच. रायटिंगच्या साठ मिनिटात दोन टास्क, त्यात दुसऱ्या निबंधाला पहिल्याच्या दुप्पट वजन, आणि मी पहिली पंधरा मिनिटं पाठ केलेले शब्द कुठं बसतील तेच शोधत बसले. विषय काय विचारलाय ते बाजूलाच. चारपाच दिवसात रिझल्ट. लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६.५. त्या दिवशी मला दुपारची शिफ्ट होती आणि मी सलाईन लावताना पहिल्यांदा दोनदा शीर चुकवली.

माझी बॅचमेट यूकेत लीड्सला आहे, तिला फोन केला. तिने आधी ती पीडीएफ मागवली आणि दहा मिनिटात उलटा फोन, "अगं हे तर फुकट मिळतं." ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट म्हणून एक यादी आहे, न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनमधल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली छापलेली. आर्ट्स, कॉमर्स, लॉ, सायन्स अशा चार शाखांचं मिळून पस्तीस लाख शब्दांचं लिखाण तपासून काढलेले ५७० शब्द. म्हणजे शब्दांची कुटुंबं, ॲनालाइज, ॲनालिसिस, ॲनालिस्ट, ॲनालिटिकल हे सगळं मिळून एक. युनिव्हर्सिटीच्या साइटवर उघडी पडलेली आहे, कुणीही घ्या.

आता ५७० चे ३००० कसे झाले बघा. ॲनालाइज एक नंबर, ॲनालाइज्ड दुसरा, ॲनालाइजिंग तिसरा, ॲनालिस्ट चौथा, ॲनालिस्ट्स पाचवा. झाले पाच शब्द! आमच्याकडं भाजीवाला कोथिंबिरीची जुडी सोडून काड्या मोजून विकायला लागला तर त्याला आपण हाणू, इथं मी हप्ते भरत होते.

आणि त्या बाईंनी यादीचे दहा भाग केलेत, जे शब्द जास्त वेळा येतात ते पहिल्या भागात. ॲनालाइज, ॲसेस, डेटा, फॅक्टर, इंडिकेट, सिग्निफिकंट, व्हेरी (बदलणे या अर्थाचा, 'खूप' वाला नाही), असे साठ. या चोरांनी सगळं ए बी सी डी लावून टाकलं, त्यामुळं मी अबँडन पहिल्या दिवशी घोकला, जो मूळ यादीत आठव्या भागात आहे, आणि सिग्निफिकंट माझ्या वाट्याला आला शेवटच्या आठवड्यात. चोरी करायची तर नीट तरी करा ना.

मैत्रीण अजून एक म्हणाली ते मला जास्त लागलं. ती यादी युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्यांसाठी आहे, परीक्षेत बँड देणारी जादू नाही. रायटिंगचे मार्क चार गोष्टींवर सारखे वाटलेत, विचारलेल्याचं उत्तर दिलंय का, मांडणी, शब्द आणि व्याकरण. म्हणजे शब्दांना पाव हिस्सा. त्यातही नुसता अवघड शब्द नाही, योग्य जागी योग्य जोडीने आलाय का ते बघतात, कंडक्ट रिसर्च म्हणायचं का मेक रिसर्च, असलं. पाठ केलेली वाक्यं परीक्षकाला लगेच कळतात आणि ती उलट नडतात. हे निकष, बँड डिस्क्रिप्टर म्हणतात त्याला, परीक्षेच्या साइटवर सगळ्यांसाठी ठेवलेत. मी सत्तावीस हजार भरायच्या आधी ते चार पानं वाचले असते तर... जाऊ दे.

रिफंड मागितला. "मॅम, तुमची लाइव्ह अटेंडन्स ९५ टक्के नाहीये." महिन्यातल्या दहा नाइट होत्या माझ्या, मी जॉइन होताना सांगितलेलं, तेव्हा म्हणले रेकॉर्डिंग बघा चालतं. रेकॉर्डिंग अटेंडन्समध्ये धरत नाहीत हे कराराच्या अकराव्या पानावर. फोनवर जे जे गोड बोलले होते त्यातलं एक अक्षर लेखी नाही. मी व्हॉट्सॲपवर विचारायची, ते प्रत्येक वेळी "कॉल करते मॅम" म्हणायचे, आता समजतंय का ते.

पुढचं सांगायला लाज वाटते पण सांगते. महिन्याभराने दुसऱ्याच नंबरवरून फोन आला, माझे चारही मार्क त्याला पाठ. "मॅडम, साठ हजारात सेटिंग होतं, परीक्षेला न बसता ७.५ चा टीआरएफ." टीआरएफ म्हणजे रिझल्टचा छापील कागद. माझा रिझल्ट मी क्लासशिवाय कुणालाच पाठवला नव्हता, काय ते समजा. आणि मी लगेच नाही म्हणाले नाही. एक रात्र विचार केला, मंगळसूत्राचं वजन पण आठवलं. सकाळी लीड्सला फोन केला तर ती ओरडलीच. तिकडं कौन्सिल काय, युनिव्हर्सिटी काय, रिझल्टचा नंबर टाकून थेट मूळ सिस्टिममध्ये तपासतात, छापलेल्या कागदाला काडीची किंमत नाही, आणि पकडलं तर परदेश बाजूलाच, इथलं रजिस्ट्रेशन पण धोक्यात. नंबर ब्लॉक केला.

तक्रारी केल्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवली, क्लासवाल्यांनी "गुडविल म्हणून" सहा हजार परत केले आणि तक्रार बंद करा म्हणून मागं लागले, मी केली नाही. सेटिंगवाल्याचं सायबर क्राइमच्या पोर्टलवर टाकलं. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, तिथं वेळेला किंमत आहे, माझं तर सगळं सहीनिशी, ओटीपीनिशी, डोळे मिचकावून झालेलं. लोनचा शेवटचा हप्ता पुढच्या पाच तारखेला.

आता परत परीक्षा देतीये. पहिल्या भागातले साठ शब्द घेतले, एका शब्दाला वहीचं अर्धं पान, त्यात तो कुणासोबत येतो ते आणि माझ्या वॉर्डवरचं एक वाक्य. "पेन स्कोअर्स व्हेरी फ्रॉम पेशंट टू पेशंट." आठवड्याला पंधरा, जास्त नाही. वही आठ रुपयांची, सासूबाईंनीच आणून दिली, वर काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

त्या मुलीला बुधवारीच माझा खरा रिझल्ट पाठवला, नाव नंबर झाकून. बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत होतं. मग आलं, "ताई, मी काल संध्याकाळीच लिंकवर ओटीपी दिला." मी तिला लगेच फोन लावला, मेल उघड म्हणलं, लोनचे कागद काढ, कूलिंग ऑफ किती दिवस लिहिलंय ते वाच. तीन दिवस होते. दुपारी झोपले नाही मी, तिच्यासोबत बसून फायनान्सवाल्यांना मेल लिहिला, मराठीत बोलत बोलत इंग्लिशमध्ये. "आय रिक्वेस्ट यू टू कॅन्सल" एवढंच, प्लेथोरा नाही काही नाही. शुक्रवारी तिचं लोन रद्द झालं.

माझा फोटो मात्र अजून तिथंच आहे. चार वेळा रिपोर्ट केलाय.