२७ गाणी, दहाच्या आत

शनिवारी संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला, एका द्राक्षबागेच्या लॉनवर, मुंबईचा एक जुना पंक, म्हणजे वेगवान आणि साध्या-रांगड्या रॉकचा, बँड ऐकून आलो. जुना म्हणजे खरोखर जुना. चौघांपैकी तिघांनी पन्नाशी ओलांडलेली आहे आणि धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम व्हायचे त्या काळापासून ते वाजवतायत. तिकीट ७९९ रुपये. बँडचं नाव मी इथे देत नाही. कार्यक्रमानंतर ड्रमरशी जे बोलणं झालं ते त्यांच्या दुखण्याबद्दलचं आहे आणि ते नावानिशी फिरू नये असं मला वाटतं. त्या रात्री जे तिथे होते त्यांना सांगायची गरज नाही.

मी पंचवटीतला. बावीस वर्षं ढोल-ताशा पथकात ताशा वाजवला. पोटापाण्याला अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. उजव्या कोपरामुळे गेले तीन गणपती ताशा गळ्यात घातलेला नाही. हे आधीच सांगतो, कारण मी सगळा कार्यक्रम ड्रमरकडे बघत ऐकला आणि हे लिहिणंही तसंच होणार आहे.

घेऊन गेला भाचा. तो इंजिनिअरिंगला आहे, बेस गिटार वाजवतो. सोमेश्वर मागे पडेपर्यंत त्याने मला गाडीत पंकचा अख्खा इतिहास ऐकवला. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली चार पोरं, साल १९७४, नाव रामोन्स. कोणी कोणाचा भाऊ नाही, पण सगळ्यांनी एकच आडनाव लावलं. १९७६ मध्ये पहिली रेकॉर्ड आली, १४ गाणी आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. त्यांचा गिटारवाला जॉनी रामोन हात फक्त वरून खाली मारायचा. बाकीचे खाली-वर, खाली-वर वाजवतात, त्यात मनगटाला निम्मं काम पडतं. हा प्रत्येक फटका वरूनच मारणार, त्याच वेगात. मग इंग्लंडमध्ये जानेवारी १९७७ च्या एका घरगुती छापाच्या पत्रिकेत गिटारच्या तीन कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांची, चित्रं आली आणि खाली मजकूर असा की हे तीन शिका आणि बँड काढा.

"म्हणजे तीनच?" मी विचारलं.

"तीनच, मामा. बास."

मला हे पथकासारखं वाटलं. आमच्याकडेही पोरगं येतं, पहिल्या दिवशी कमरेला ढोल बांधतं, एक ठेका शिकतं आणि महिन्याभरात मिरवणुकीत उभं असतं. आत यायला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र तोच ठेका पाच तास त्याच जोरात धरायचा म्हटलं की चाळीस पोरांतली दहा उरतात. मग तीस वर्षं धरणाऱ्यांचं काय होत असेल, हे बघायला मी निघालो होतो.

आता तक्रार. तिकिटावर साडेसातची वेळ होती. आम्ही सव्वासातला हजर. जानेवारीची थंडी, धरणाकडून वारा, सगळे शाली-जॅकेटात. जनरेटरने दोनदा मान टाकली आणि साडेआठ वाजून गेले तरी स्टेजवर नुसता अंधार. बिघाड कोणाचाही होतो, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण चाळीस मिनिटं एक माणूस माइकशिवाय का होईना, पुढे येऊन "थांबा, काम चाललंय" एवढं बोलला नाही, याचं वाटलं. माझ्या शेजारी एक काकू ओझरहून मुलीला घेऊन आल्या होत्या, त्या उठून निघाल्याच होत्या. बायकांच्या स्वच्छतागृहासमोर रांग होती ती वेगळीच, इतक्या लोकांना दोन पुरत नाहीत.

आणि मला घड्याळाची धास्ती. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा नियम मिरवणुकीत वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात मुरलेला आहे. मध्य ठेक्यात दहा वाजले आणि हात हवेत थांबले, असं आम्ही किती वेळा अनुभवलंय. रंगभवनही आवाजाच्याच नियमाने गेलं. आजूबाजूला कॉलेज, हॉस्पिटलं, शांतता क्षेत्र. या माणसांनी आपलं घर आवाजाच्या नियमामुळे गमावलंय आणि इथे नाशिकमध्ये त्यांचा दीड तास जनरेटरने खाल्ला.

आठ बावन्नला ते स्टेजवर आले. गायकाने गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यावर चढवला, पायाशी चिकटवलेली गाण्यांची यादी वाचली, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाला, "सत्तावीस आहेत. सगळी होतील." चष्मा काढला. ड्रमरने काड्यांनी चार मोजले.

त्यानंतर नऊ छप्पनपर्यंत ते थांबले नाहीत. एक गाणं संपायचं, टाळी पडायच्या आत पुढच्याचे चार आकडे. दोन मिनिटांचं गाणं, दीड मिनिटाचं गाणं, एक तर मला वाटतं चाळीस सेकंदांचं. यादीतलं एकही त्यांनी गाळलं नाही आणि एकाचाही वेग ढळला नाही. मी मनात मात्रा मोजत होतो, ती सवय जात नाही. बाराव्या-तेराव्या गाण्याला साधारण तरुण पोरंही किंचित मागे सरकतात, ठेका जड होतो. इथे विसाव्यालाही जागच्या जागी होता.

पहिली चार-पाच गाणी गायकाचा आवाज गिटारखाली गाडला गेला होता. साउंडवाल्याने ते ओळखलं आणि सहाव्या गाण्यात शब्द वर आले. त्याने वेळेत कान लावला, हे त्याचं श्रेय. नवव्या गाण्यात गिटारवाल्याची सगळ्यात बारीक तार तुटली. मला वाटलं आता पाच मिनिटं गेली. त्याने तुटलेली तार नुसती गुंडाळून खुंटीवर अडकवली आणि वाजवत राहिला. भाचा कानात ओरडला, "मामा, जाड तारांवरच चालतं यांचं सगळं, वरची तार गेली तरी काही अडत नाही." तीन कॉर्डचं संगीत असं बेतलेलं असतं हे मला तेव्हा कळलं. मोडेल ते आधीच बाजूला ठेवलेलं असतं.

एका गाण्याआधी तो गायक फक्त एक वाक्य बोलला, की हे १९८२ च्या संपावरचं आहे. त्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले होते. माझे वडील त्यातले एक. परळची गिरणी सुटली आणि ते सातपूरला आले, म्हणून मी नाशिकचा. ते गाणं पावणेदोन मिनिटांचं होतं. शब्द हिंदी, मधली एक ओळ मराठी, गिरणीच्या चिमणीबद्दलची. वडील या विषयावर आयुष्यात कधी पावणेदोन मिनिटं बोलले नाहीत. मी कडेला उभा होतो, तिथून दोन पावलं मागे सरकलो आणि ते गाणं तिथे एकटा ऐकलं.

स्टेजसमोर गोल झाला होता. पोरं-पोरी एकमेकांवर आदळतात, ढकलतात. आधी बघून काळजी वाटते. ज्यांनी रंगपंचमीला तिवंध्याच्या किंवा शनी चौकाच्या रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या जुन्या हौदात, धप्पा मारलाय त्यांना मात्र ते लगेच ओळखीचं वाटेल. रहाडीत उडी मारणारा दुसऱ्याच्या अंगावर पडतो, रंग उसळतो, आणि बुडणाऱ्याला चार हात आधी वर काढतात. इथेही तसंच. एक मुलगी पाय घसरून पडली, तर आजूबाजूच्यांनी हात आडवे करून भिंत केली, तिला उभं केलं, कोणीतरी तिचा चष्मा शोधून दिला आणि मग पुन्हा धडाधड सुरू. ओझरच्या काकू थांबल्या होत्या. त्यांची मुलगी त्या गोलात होती आणि काकू तिची पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेक्यावर मान हलवत होत्या.

कानांचं मात्र सगळ्यांनी मनावर घ्या. स्पीकरच्या समोर सहज शंभर डेसिबलच्या घरात आवाज असतो आणि त्या आवाजात उघड्या कानाने पंधरा मिनिटं हीच सुरक्षित मर्यादा मानतात. आवाज तीन डेसिबल चढला की वेळ निम्मी. कारखान्यात आम्हाला हे दर वर्षी शिकवतात. मी खिशात कंपनीतल्यासारखे फोमचे बोळे नेले होते, आठ जोड, सहा वाटून टाकले. लावायची पद्धत लोकांना माहीत नसते. बोळा चिमटीत फिरवून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कोंबला तर बाहेर येतो आणि उपयोग शून्य. लावल्यावर गाणं बंद होत नाही, फक्त आवाज कमी होतो. ताशाच्या बावीस वर्षांत मी हे केलं नाही. माझ्या डाव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, ती तिथूनच आली.

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाववडा गरम होता, चटणी फिकी होती, पाण्याची बाटली ६० रुपयांना होती आणि ती बाहेरून आणू देत नव्हते. हे बदलावं.

आता ड्रमर. केस पूर्ण पांढरे, अंगात साधा बनियन, त्या थंडीतही. पहिल्या गाण्यापासून माझ्या डोळ्यांत एक गोष्ट भरली. ते काडी उंच उचलत नव्हते. आमच्याकडे जोर म्हणजे हात खांद्याच्या वर गेला पाहिजे, लोकांनाही तेच बघायला आवडतं. यांची काडी स्नेअरपासून, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमपासून, वीतभर वर जायची आणि आवाज असा यायचा की लॉनच्या टोकाला छातीत लागावा. काडी अंगठा आणि पहिल्या बोटात नुसती टेकलेली, बाकीची तीन बोटं उघडझाप करत होती. कातड्यावर आपटली की ती आपोआप उसळत होती आणि ते फक्त तिला परत पाठवत होते.

दहा वाजता सगळं आवरल्यावर ते स्टेजमागे कोल्ड्रिंकच्या बर्फाच्या डब्यात दोन्ही मनगटं बुडवून बसले होते. मी भाच्याला घेऊन गेलो, नमस्कार केला, ताशा वाजवायचो म्हणून सांगितलं. "वाजवायचो?" त्यांनी विचारलं. मी कोपर दाखवलं. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्यांना चहाचा कप उचलता येत नव्हता. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं. त्यांनी आठ महिने ड्रमला हात लावला नाही आणि नंतर पन्नाशी उलटल्यावर काडी धरायची कशी इथपासून पुन्हा शिकले, रबराच्या तुकड्यावर, रोज वीस मिनिटं.

"दादा, आवाज उंचीने येत नाही," ते म्हणाले. "वेगाने येतो. आणि मूठ आवळली की वेग मरतो."

ताशाच्या काड्या किती लांब असतात, किती बारीक, असं त्यांनी नीट विचारून घेतलं. मग बर्फातून हात काढून पुसले, आपल्या दोन काड्या माझ्या हातात दिल्या आणि डब्याचं झाकण माझ्यापुढे सरकवलं. भाच्याने मोबाइलचा उजेड धरला. मी आमचा नेहमीचा ठेका सुरू केला आणि ते माझ्या बोटांकडे वाकून बघत राहिले. दोनदा त्यांनी माझा अंगठा स्वतः धरून सैल केला. "सोडा. पडत नाही काडी. सोडा."

मी वाजवत राहिलो. कोपर दुखलं, पण पाचव्या मिनिटाला. आधी दुसऱ्याच मिनिटाला दुखायचं.