मिरजेत पेटीचं गांधार ट्यूनिंग करून घेतलं, माझा अनुभव

गाणं शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लोकांसाठी लिहितेय. मिरजेत तंबोरे-सतारींच्या दुकानांच्या गल्लीत पेटी दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे, तिथे मी माझी डबल रीडची (प्रत्येक सुराला पितळेच्या दोन जिभा असलेली) पेटी काळी चारला, म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरून, गांधार ट्यूनिंग करून घेतली, म्हणजे सूर तंबोऱ्याशी जुळतील असे नैसर्गिक अंतरांवर लावून घेतले, आणि काम इतकं चोख झालंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पैसे नक्की कशाचे दिले ते आधी सांगते. बाजारातली पेटी, कीबोर्ड, पियानो, सगळ्यांत सप्तकाचे १२ सारखे भाग असतात, प्रत्येकी १०० सेंट (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). पंचमात फरक फक्त २ सेंटचा, तो जाणवतही नाही. पण शुद्ध गांधार सा पासून हवा ३८६ ला आणि पेटीत असतो ४०० ला, धैवत १६ सेंट चढा, कोमल गांधार उलट १६ नं उतरलेला. आकडे नको असतील तर तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार छेडा, त्यातून गांधार आपोआप निघतो, त्यावर पेटीचा गांधार धरा, काळी चारला सेकंदाला चारेक हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. माझ्या क्लासची मुलं हाच चढा गांधार गळ्यात बसवत होती म्हणून मी पेटी उचलली.

दुकानातल्या कारागीर चाचांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, भूप जास्त शिकवता का देसकार?" कारण या दोन्ही रागांचे सूर तेच, पण भूपाचा धैवत ८८४ ला धरतात, देसकाराचा चढा, ९०६ च्या आसपास, आणि पेटीला धैवताची पट्टी एकच. मी भूप सांगितला. मग दुकानातला तंबोरा जुळवून शेजारी ठेवला, मोबाईलवरचा नको म्हणाले. रीडच्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा, टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, गांधारासाठी बुडाशी अगदी हलकेच दोन हात मारायचे, भाता देऊन ऐकायचं, परत घासायचं. एक रीड झाली की दुसरी, मग दोन्ही एकत्र, आणि हेलकावा पूर्ण थांबेपर्यंत माणूस जागचा हलत नाही. तो गांधार तंबोऱ्यात मिसळला ना तेव्हा मला भरून आलं खरंच.

आणि हे काम मिरजेत व्हावं यालाही अर्थ आहे. १९१० च्या सुमारास कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर सप्तकातल्या २२ श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक जागा, मोजत होते, मिरजेत राहिलेले खांसाहेब अब्दुल करीम खां गाऊन दाखवायचे, आणि साताऱ्याचे जज्ज क्लेमेंट्स यांनी त्यावरून श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मान्य झाली नाही, पण तळमळ खरी होती. पाश्चात्त्य संगीतकारांनाही हा प्रश्न सुटला नव्हता. बाखने १७२२ साली चोवीसही स्केलमध्ये रचना केल्या त्या सगळ्यांत चालेल अशा ट्यूनिंगसाठी, पण ते १२ सारखे भागच होते असं समजू नका, पियानोवर ते सर्रास झाले एकोणिसाव्या शतकात. विसाव्या शतकात संगीतकार शोनबर्गने बाराही सूर एका पायरीवर आणले, कुठलाच सूर सा सारखा मुख्य ठेवला नाही, तर अमेरिकन संगीतकार हॅरी पार्चने उलटं केलं, सप्तकात ४३ सूर घेतले आणि ते वाजवायला स्वतःची वाद्यं बांधली. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार, शुद्ध गुणोत्तरांत पियानो लावणारे दोघंही पं. प्राणनाथांकडे शिकले, म्हणजे किराणा घराण्याकडेच, खांसाहेबांच्या घराण्याकडे!

आता तोटे. पेटी एकाच 'सा'ला बांधली जाते, काळी चार सोडून पांढरी दोनला गायलात तर सूर बाजारातल्या पेटीपेक्षाही वाईट लागतात, त्यामुळे सगळ्यांच्या साथीला एकच पेटी असेल तर हे करू नका, आणि स्केल चेंजरनेही (पट्ट्या सरकवून सा बदलता येणाऱ्या पेटीनेही) प्रश्न सुटत नाही कारण सरकतात त्या पट्ट्या, रीड तिथंच. दुसरं म्हणजे दिलेली तारीख पाळत नाहीत, फोन करत राहावं लागतं. पैसे अडीच हजार घेतले, रीड साफ करून आणि भात्याची गळती काढून, मला तरी जास्त वाटले नाहीत.

जाताना आपला सा नक्की करून जा, घासलेली रीड परत बाजारच्या ट्यूनिंगला आणता येते पण दर वेळी धातू कमी होतो. आणि गुजरातेतल्या पालीताण्याच्या जुन्या रीड असतील तर आधीच सांगा, चाचा त्या वेगळ्या हाताने घासतात.