डायल फिरते, पण दुर्बीण हलत नाही: जुनी रायफल-दुर्बीण घेताना झालेली फसवणूक

जुनी दुर्बीण विकणारा तुमच्यासमोर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकात मारून दाखवत असेल, तर तेवढ्यावरून दुर्बीण चांगली आहे असं धरू नका. माझ्याकडून पैसे घेणाऱ्याने नेमकं हेच करून दाखवलं होतं. ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेला गोळ्यांचा झुबका, खरा होता आणि शंभर यार्डांचं अंतरही खरं होतं. खोटी होती ती दुर्बीण, आणि तिच्यात केलेल्या लबाडीमुळेच तो ग्रुप इतका देखणा पडत होता.

मी ओहायोत राहतो. इथे एरी सरोवराच्या काठी, पोर्ट क्लिंटनजवळ कॅम्प पेरी आहे. १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी सामने तिथे भरतात. २०११ पासून त्यांत जुन्या स्नायपर रायफलींचा एक सामना सुरू झाला. दोघांचा संघ, एक नेम धरणार, दुसरा शेजारी बसून वारा आणि गोळीची जागा सांगणार, मग अदलाबदल. आधी ३०० यार्ड, नंतर ६००. टार्गेट वीस सेकंद वर येतं आणि खाली जातं. या सामन्यासाठी मी स्प्रिंगफील्ड एम१९०३ए४ च्या धर्तीची रायफल जुळवत होतो. मूळ रायफली रेमिंग्टनने १९४३-४४ मध्ये बनवल्या, २८ हजारांच्या वर. त्यांच्या नळीवर माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, बसवलेलीच नसते, त्यामुळे नेमाचा सगळा भार दुर्बिणीवर.

ती दुर्बीण म्हणजे वीव्हर ३३०. बिल वीव्हरने १९३० मध्ये केंटकीत धंदा सुरू केला आणि १९३३ मध्ये तो टेक्ससमधल्या एल पासोला नेला. साध्या शिकाऱ्याला परवडेल अशी पाऊण इंच जाडीची पोलादी नळी, पुढे फुगवटा नाही, मागे फुगवटा नाही. सैन्याने हीच दुर्बीण घेतली आणि तिला एम७३बी१ हे नाव दिलं. आज साध्या ३३० पेक्षा एम७३बी१ असं कोरलेल्या नळीला कितीतरी जास्त किंमत येते, आणि म्हणूनच जुन्या शिकारी दुर्बिणींवर नव्याने अक्षरं कोरणारे लोक आहेत. नळीवरचा निळसर काळा थर जुना आणि झिजलेला, पण अक्षरांच्या कडा मात्र धारदार आणि खाचेत चकाकी, असं दिसलं की तिथेच थांबा. ज्यांना नुसती जुन्या रूपाची दुर्बीण हवी आहे त्यांच्यासाठी नक्कल म्हणून उघडपणे विकल्या जाणाऱ्या नव्या दुर्बिणी आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, कारण त्या जे आहेत तेच सांगतात.

आता या दुर्बिणीचं काम कसं चालतं ते समजून घ्या, कारण फसवणूक तिथेच दडली होती. आजच्या दुर्बिणीत नेम जुळवायची डायल फिरवली तरी नेम धरायची फुली डोळ्याला नेहमी मधोमध दिसते. ३३० च्या पिढीत तसं नाही. आत फुलीची एक छोटी चौकट असते, एका बाजूने डायलचा स्क्रू तिला ढकलतो आणि समोरून पातळ स्प्रिंग परत रेटते. डायल जास्त फिरवली की फुली खरोखरच गोल चित्राच्या कडेला सरकलेली दिसते. म्हणून जाणकार लोक आधी फुली मधोमध आणतात आणि डाव्या-उजव्या दिशेचा मोठा फरक माउंटवर, म्हणजे दुर्बीण रायफलला धरून ठेवणाऱ्या बैठकीवर, काढतात. एम१९०३ए४ वरच्या रेडफील्ड माउंटला मागच्या कड्याच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. एक सैल करायचा, समोरचा आवळायचा, की दुर्बिणीची शेपटी सरकते. गोळी उजवीकडे हवी तर शेपटी उजवीकडे न्यायची. उरलेला बारीक फरक डायलवर.

त्या माणसाने हेच अर्धं सत्य वापरलं. तो म्हणाला, "आतली यंत्रणा मी नवी करून अचूक मध्यावर बसवली आहे. डायलना लाखेचा ठिपका लावून सील केलंय. तुमच्या रायफलचा फरक माउंटवर काढा, उंचीसाठी पातळ धातूचे पत्रे देतो. सील तुटलं तर हमी संपली." ऐकताना यात काहीच वावगं वाटत नाही. डाव्या-उजव्यासाठी माउंट वापरणं योग्यच. उंचीसाठी माउंटखाली पितळी पत्रा घालणंही जुनी, मान्य रीत आहे. दोन कड्यांत पाच इंच अंतर असेल तर एका टोकाखाली इंचाचा हजारावा भाग जाडीचा पत्रा घातल्याने शंभर यार्डांवर गोळी पाऊण इंचाच्या आसपास सरकते. त्याने वेगवेगळ्या जाडीचे पत्रे नीट पाकिटात घालून दिले होते. वागणं सौम्य, प्रश्नांना उत्तरं तयार. स्वतःच्या रायफलवर दुर्बीण चढवून त्याने माझ्यादेखत मागचे स्क्रू किंचित फिरवले, ग्रुप बरोबर मधोमध आणला आणि ते टार्गेट सही करून मला दिलं. पैसे मात्र त्याला पोस्टाच्या मनीऑर्डरनेच हवे होते. कार्डावर घेतले की बँक हिस्सा कापते, हे त्याचं कारण.

माझ्या रायफलवर चढवल्यावर आधी सगळं सुरळीत झालं. बोल्ट काढून रायफलच्या नळीतून शंभर यार्डांवरचा ठिपका पाहिला, रायफल न हलवता दुर्बिणीतून पाहिलं, मागच्या स्क्रूंनी फुली त्या ठिपक्यावर आणली. पत्र्यांनी उंची जुळली. गोळ्या शेजारी शेजारी पडू लागल्या, आणि ऐंशी वर्षांच्या काचेतून असा ग्रुप पाहताना मला मनापासून आनंद झाला होता. परत करण्याची मुदत याच आनंदात निघून गेली. हे त्याच्या हिशोबात आधीपासून होतं असं माझं ठाम मत आहे, कारण शंभर यार्डांवर कुणालाही डायलला हात लावायची गरज पडत नाही.

गरज पडते लांब गेल्यावर. या रायफलच्या .३०-०६ काडतुसाची गोळी शंभरवरून तीनशेवर नेताना डायलवर काही मिनिटं चढवावी लागतात आणि तीनशेवरून सहाशेवर आणखी दहाच्या आसपास. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर साधारण एक इंच, सहाशेवर सव्वासहा इंच. सामन्यात दर अंतराला माउंट उघडून पत्रे बदलता येत नाहीत. तीनशे यार्डांवर मी डायल वर चढवली, लाखेचा ठिपका तुटला, टिकटिक बोटांना व्यवस्थित जाणवली, आणि गोळी होती तिथेच खाली लागली. आणखी चढवली. तिथेच. जुन्या वीव्हरमध्ये स्प्रिंग अडकते आणि फुली एकदोन गोळ्यांनंतर उडी मारून नव्या जागी बसते, म्हणून डायल फिरवल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकायची सवय असते. ठोकून पाहिलं. डायल पार टोकापर्यंत नेली. फुली चित्राच्या मध्यावरून केसभरही सरकली नाही.

जुन्या दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराने ती माझ्यासमोर उघडली. स्प्रिंग आत नव्हतीच. फुलीची चौकट नळीला चारी बाजूंनी पारदर्शक इपॉक्सीने चिकटवलेली होती आणि डायलचे स्क्रू घासून आखूड केले होते, म्हणजे ते नुसते टिकटिक करत फिरावेत आणि चौकटीला टेकूच नयेत. झिजलेली स्प्रिंग असलेली दुर्बीण गोळ्या विखुरते, दर धक्क्याला फुली थोडी हलते. ती कायमची चिकटवली की हलायचा प्रश्नच मिटतो आणि ग्रुप झकास पडतो. मला सर्वांत जास्त राग या गोष्टीचा आहे. स्प्रिंग बदलून ती दुर्बीण खरंच जिवंत करता आली असती. आता चौकट सोडवताना फुलीच्या बारीक तारा तुटणार हे त्या कारागिराने स्पष्ट सांगितलं. पैशांपलीकडे एक जुनी, चांगली वस्तू त्या माणसाने कायमची मारून टाकली.

विक्रेत्याला कळवलं तर एका ओळीचं उत्तर आलं: सील तुटलंय. त्यानंतर फोन बंद. व्यवहार टपालाने झाला असल्याने मी टपाल खात्याच्या तपास विभागाकडे आणि राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केली आहे. कारागिराचा लेखी अहवाल, आतले फोटो, सहीचं टार्गेट, सगळं जोडलंय. क्रेडिट कार्डावर घेतलं असतं तर इथल्या कायद्याप्रमाणे बिल निघाल्यापासून साठ दिवसांत लेखी हरकत घेता येते. मनीऑर्डरला तो आधार नाही. मनीऑर्डरचा हट्ट धरणाऱ्याकडून काहीच घेऊ नये असं माझं आता पक्कं मत आहे, माल कितीही दुर्मीळ असो.

ही लबाडी एक गोळीही न झाडता पकडता येते, आणि त्यासाठीच मी हे लिहितोय. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन समोरासमोरच्या भिंतींना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा कापा, त्यांत दुर्बीण आडवी ठेवा. पंचवीस यार्डांवर चौकटींचा कागद लावा. तिथे एक मिनिट म्हणजे जेमतेम पाव इंच. खोकं न हलवता डायल फिरवा आणि फुली कागदावर किती सरकते ते मोजा. परत फिरवून मूळ चौकटीवर येते का पाहा. मग दुर्बीण खाचेतच स्वतःभोवती सावकाश फिरवा. फुली एका जागी राहिली तर ती मध्यावर आहे, गोल काढू लागली तर नाही. विकत घेण्याआधी, विक्रेत्याच्या टेबलावर हे सगळं होऊ शकतं. डायलला हात लावायची मनाई असेल तर तिथेच सौदा संपवा. खरी दुरुस्ती करणारा माणूस डायल फिरवून दाखवायला उत्सुक असतो.

रेंजवर नेण्याची परवानगी मिळाली तर चौकोन मारून पाहा. नेम सगळ्या वेळी एकाच ठिपक्यावर धरायचा. आधी एक ग्रुप, मग आठ मिनिटं वर चढवून दुसरा, आठ उजवीकडे नेऊन तिसरा, आठ खाली आणून चौथा, आठ डावीकडे नेऊन शेवटचा. कागदावर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला पाहिजे. चौकोन वाकडा आला तर स्प्रिंग थकली आहे, ती बदलता येते, किंमत त्या मानाने पाडून मागा. पाचही ग्रुप एकाच जागी पडले, तर तुमच्या हातात माझ्यासारखीच चिकटवलेली दुर्बीण आहे.

महाराष्ट्रातले काही मित्र स्प्रिंगच्या एअर रायफलवर जुनी दुर्बीण चढवायचं म्हणतात, त्यांच्यासाठी एक. अशा रायफलचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्ही बाजूंनी बसतो. जुन्या दुर्बिणीची फुली आणि काचा फक्त मागच्या धक्क्याच्या हिशोबाने बसवलेल्या असतात, त्या यात सैल होतात. एअर रायफलवरून उतरवलेली जुनी दुर्बीण "रिपेअर करून" विकायला आली, तर वरची खोक्याची चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पुढच्या काचेतून टॉर्च मारून फुलीच्या चौकटीभोवती डिंकासारखी चमक दिसते का तेही पाहा.