स्ट्रक्चरल ड्राफ्टिंगची ट्रेनिंग: ठाण्यातल्या एका कन्सल्टंटकडे जूनपासून डिसेंबरपर्यंत

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांना शेवटपर्यंत यायला नको. सिव्हिलला असाल आणि ट्रेनिंगसाठी स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्टिंगचं काम मिळत असेल, तर घ्या. अट एकच. तुम्ही काढलेलं ड्रॉइंग ज्या साइटवर जातं, तिथे तुम्हालाही जाऊ देणार आहेत का, ते आधी विचारा. नसतील जाऊ देत, तर अख्खी टर्म दुसऱ्याच्या लाल पेनाच्या खुणा सुधारण्यात जाईल. हात झपाट्यानं चालायला लागेल, त्यापलीकडे फार काही नाही.

मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते कळव्याला. ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, एका जुन्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. स्ट्रक्चरल इंजिनिअर सर, दोन डिझाइनवाले, तीन ड्राफ्ट्समन आणि मी. त्यातले हेड ड्राफ्ट्समन म्हणजे काका. त्यांनी सुरुवात ड्रॉइंग बोर्डावर केली, चुकलेली रेघ ट्रेसिंगवरून ब्लेडनं खरवडून काढायच्या जमान्यात. त्यामुळे रेघ ओढण्याआधी ते थांबतात, आणि आम्ही अन्डू आहे म्हणून थांबत नाही. कामं बहुतेक पुनर्विकासाची: नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या चार मजली सोसायट्या पाडून तिथे टॉवर. एखादं काम घोडबंदर रोडचं.

सुरुवातीचे आठवडे साफसफाईत जातात, त्याची तयारी ठेवा. आर्किटेक्टची फाइल उघडली की तिच्यात सोफे, झाडं, कमोड, पार्किंगमधल्या गाड्या, सगळा संसार असतो. तो काढायचा, ग्रिड, म्हणजे कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या उभ्या-आडव्या रेषा, टाकायची, आपल्या लेयरवर कॉलम आणायचे. ग्रिडच्या अक्षरांत आय आणि ओ वापरत नाहीत, कारण प्रिंटवर ते एक आणि शून्यासारखे दिसतात, हे मला इथे येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात शिकलेल्या ऑटोकॅडच्या कमांड कामी येतात, पण मास्टर फाइल एक्सरेफनं जोडायची, कॉपी-पेस्ट करायची नाही, ही शिस्त इथेच लागली. आर्किटेक्टनं जिना हलवला की सगळ्या मजल्यांवर तो आपोआप हलला पाहिजे. नाही हलला, तर पाचव्या मजल्याचा जिना जुन्या जागी आणि सहाव्याचा नव्या.

आता मुद्द्याची गोष्ट. ड्राफ्टिंग म्हणजे डिझाइनवाल्यानं दिलेले आकडे नीटनेटके मांडणं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात लोखंड बसतं की नाही, हे सगळ्यात आधी ड्राफ्ट्समनला कळतं, किंवा कळायला हवं. एटॅब्ज या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून एक्सेल येतं त्यात लिहिलेलं असतं: बीम २३० बाय ६०० मिमी, वरच्या बाजूला ४-टी२५, म्हणजे २५ मिमीच्या चार सळया. सेक्शन काढायचा, वर चार ठिपके द्यायचे, झालं. काकांनी माउसला हातच लावू दिला नाही. म्हणाले, "अगं, आधी कागदावर मांड."

मांडलं. २३० मधून दोन्ही बाजूंचं २५-२५ कव्हर, म्हणजे लोखंडाबाहेरचं काँक्रीट, गेलं, सळयांना वेढणाऱ्या ८ मिमीच्या रिंगची दोन्हीकडची जाडी गेली, उरले १६४. त्यातून चार सळयांचे १०० गेले की तीन फटींना मिळून ६४, म्हणजे एकेकीला २१ मिमीच्या आसपास. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडनुसार दोन सळयांमधली मोकळी फट सळईच्या व्यासापेक्षा कमी चालत नाही, आणि खडीच्या सगळ्यात मोठ्या आकारात ५ मिमी मिळवून जे येईल त्यापेक्षाही कमी चालत नाही. २५ ची सळई, २० ची खडी, दोन्हीकडून उत्तर २५. म्हणजे चार सळया एका रांगेत बसत नाहीत. दुसरा थर करायचा तर इफेक्टिव्ह डेप्थ, म्हणजे बीमची कामी येणारी खोली, कमी होते, म्हणून प्रकरण परत डिझाइनवाल्याच्या टेबलावर. तिथे ते आनंदानं घेतलं जात नाही, हेही सांगून ठेवते.

तीन सळया एका रांगेत बसतात, फटी साडेचव्वेचाळीसच्या. पण बीम कॉलममध्ये शिरतो तिथे खरी परीक्षा. समजा कॉलम ३०० रुंद, कव्हर ४०, रिंग ८ ची, उभी सळई २० ची. म्हणजे कोपऱ्यातली उभी सळई कॉलमच्या तोंडापासून, म्हणजे बाहेरच्या कडेपासून, ४८ वर सुरू होते आणि ६८ वर संपते. बीम कॉलमच्या बरोबर मध्ये असेल, तर त्याचं तोंड ३५ आत, त्यात कव्हर २५ आणि रिंग ८ मिळवली की बीमची सळई सुरू होते ६८ ला. घासून का होईना, निघून जाते. पण बाहेरच्या भिंतीत आर्किटेक्टला बीम आणि कॉलम एका रेषेत हवे असतात. मग बीमची सळई ३३ ते ५८ मध्ये आणि कॉलमची ४८ ते ६८ मध्ये. दोघींना एकच जागा हवी. साइटवर याचा निकाल फिटर, म्हणजे सळया बांधणारा कारागीर, लावतो, आणि तो कसा लावेल हे त्या दिवशीच्या घाईवर ठरतं. म्हणून बीमची सळई आधीपासून हळूहळू आत वळवून कॉलमच्या सळईच्या आतून न्यायची, हे प्लॅनमध्ये डिटेल काढून दाखवावं लागतं.

आणि २३० चा कॉलम असता तर? दोन उभ्या सळयांमध्ये उरले असते ९४. तीन २५ च्या सळया घालून फट राहते साडेनऊ मिमीची. २० ची खडी तिथून जाणार कशी? शटरिंग उघडल्यावर हनीकोंब, म्हणजे पोकळ्या राहिलेलं काँक्रीट, दिसतं आणि सगळे व्हायब्रेटरवाल्याला शिव्या घालतात. आयएस १३९२० या भूकंपाच्या डिटेलिंगच्या कोडची २०१६ ची आवृत्ती कॉलमची कुठलीही बाजू ३०० पेक्षा कमी ठेवू देत नाही, शिवाय बीमची सळई जाड तितका कॉलमही मोठा मागते. ठाणं भूकंपाच्या झोन तीनमध्ये धरलेलं आहे, त्यामुळे हा कोड इथे ऐच्छिक नाही. आर्किटेक्टला मात्र कॉलम अजूनही भिंतीत लपवायचा असतो, आणि बिल्डरला बेडरूममध्ये कोपरा आलेला नको असतो. त्या फोनांच्या वेळी मी पाणी प्यायला उठते.

साइटचं सांगते. घोडबंदर रोडचं काम, स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी लोखंड तपासायला सरांबरोबर जायचं. मेट्रोच्या कामामुळे पोहोचायला लागणारा वेळ हा वेगळा विषय. वर गेल्यावर पहिल्यांदा लक्षात येतं ते हे की तुमचं ए१ आकाराचं ड्रॉइंग तिथे ए१ मध्ये नसतंच. कॉन्ट्रॅक्टरनं ते ए३ वर काढलेलं असतं, म्हणजे अक्षर थेट निम्मं. आपण २.५ मिमीची उंची ठेवली, तिथे सव्वा मिमी उरते. त्यावर पाऊस, सिमेंटचे हात आणि घडीवर फाटलेली ओळ. नाहीतर फोनवर पीडीएफ, तीही भेगा पडलेल्या काचेतून. उजव्या बाजूला आपण हौसेनं घातलेल्या बारा-पंधरा जनरल नोट्स कुणीही वाचत नाही. फिटर सेक्शन बघतो आणि ठिपके मोजतो. तो सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतो: तीन सूत म्हणजे १० मिमी, चार सूत म्हणजे १२, पाच सूत १६. त्याला जे सांगायचं ते सेक्शनच्या शेजारी, मोठ्या अक्षरात लिहा. मी तेव्हापासून महत्त्वाच्या सूचना नोट्समधून काढून डिटेलजवळ नेते आणि अक्षर ३.५ ठेवते. काकांना ते जरा भडक वाटतं.

बाल्कनीचं उदाहरण घ्या. कॅन्टिलिव्हरमध्ये, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेल्या स्लॅबमध्ये, मुख्य लोखंड वरच्या बाजूला असतं, हे परीक्षेत दोन मार्कांना विचारतात. साइटवर ते वर बांधलेलंही असतं. पण भरायच्या दिवशी त्याच्यावरून माणसं चालतात, पाइप ओढतात, आणि खाली पुरेशा चेअर, म्हणजे जाळी वर उचलून धरणारे सळईचे टेकू, नसतील तर जाळी दबून निम्म्या उंचीवर येते. कागदावर बरोबर, काँक्रीटमध्ये चूक. त्यामुळे आता बाल्कनीच्या सेक्शनमध्ये चेअर काढून दाखवते, किती अंतरावर हव्यात तेही लिहिते. चेअर बाय कॉन्ट्रॅक्टर अशी नोट टाकून हात झटकणारी ड्रॉइंग पुष्कळ पाहिली.

कॉलमच्या लॅपवरून, म्हणजे दोन सळया जिथे एकमेकींवर चढवून जोडतात त्या जागेवरून, तर प्रत्येक साइटवर तोच वाद. १३९२० सांगतो की लॅप कॉलमच्या मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच घ्या. साइटला तो स्लॅबच्या लगेच वर हवा असतो, कारण नाहीतर सळया बाहेर फार उंच राहतात, हलतात, सांभाळायला त्रास. "मॅडम, हमेशा नीचे ही देते हैं," हे वाक्य ऐकायची सवय ठेवा. आपण वाद घालायचा नाही, ड्रॉइंगवर लॅपची जागा माप देऊन दाखवायची आणि बाकीचं सर बघतील.

बीबीएस, म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, सळयांची लांबी, आकार, वजन यांची यादी, हे कंटाळवाणं काम आहे असं ऑफिसातले सगळे म्हणतात. मला आवडलं. सळईचं दर मीटरचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२. २५ ची सळई मीटरला ३.८६ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई ४६ किलोची. हे वजन एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप आखडता घेतला जातो. सळई १२ मीटरचीच येते, म्हणून ६.३ मीटरचा तुकडा मागितला तर एका सळईतून एकच निघतो आणि ५.७ उरतो. लॅप नियमात राहून थोडा सरकवून तोच तुकडा ६ चा करता आला, तर दोन निघतात आणि भंगार शून्य. अर्थात लॅप कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात घेता येत नाही, तेव्हा दर वेळी जमत नाही. जमतं तेव्हा मजा येते.

सॉफ्टवेअरबद्दल दोनच वाक्यं. डिटेलिंग आपोआप करून देणारी साधनं आमच्याकडे आहेत आणि शेड्यूल बनवायला ती झकास आहेत. पण वरचा ३३ ते ५८ चा हिशेब आमच्या फायलींत तरी अजून माणूसच करतो.

आता न आवडलेलं. स्टायपेंड रेल्वेचा पास, शेअर रिक्षा आणि चहा-वडापाव यांत संपतो. सुटायची वेळ सहा, पण ‘उद्या स्लॅब आहे, आज सुधारित ड्रॉइंग हवं’ हा फोन साडेपाचला येतो, आणि तो नेमका कुठल्या तरी टॉयलेटचा संक, म्हणजे खाली घेतलेला स्लॅब, सरकल्याचा असतो. सुधारणेभोवती ढग काढायचा, सुधारणेचा क्रमांक आर२ चा आर३ करायचा, जुन्यावर रद्दचा शिक्का हवा म्हणून कळवायचं. तरी साइटवर आर१ च सापडतं. मुलींसाठी वेगळं सांगायला हवं: साइटवर स्वच्छतागृहाचा प्रश्न खरा आहे. निघण्याआधी ऑफिसात विचारून घ्या, लाजू नका. सेफ्टी शूजही स्वतःच्या मापाचे न्या. साइटवर ठेवलेले बूट पुरुषांच्या मापाचे असतात आणि शटरिंगच्या फळ्यांवर सैल बूट घालून चालणं म्हणजे पाय मुरगळायला आमंत्रण.

आणखी एक तक्रार ऑफिसबद्दल. डिझाइनवाले ट्रेनीला ‘का’ सांगत नाहीत. कंटाळा म्हणून नव्हे, वेळच नसतो. जे कळलं ते काकांकडून आणि एसपी ३४ मधून. बीआयएसचं १९८७ चं डिटेलिंगचं हँडबुक, ऑफिसातल्या प्रतीची शिवण सुटलेली. त्यातल्या आकृत्या बघायच्या, पण भूकंपाचं डिटेलिंग मात्र २०१६ च्या कोडमधूनच घ्यायचं. जुनं पुस्तक आणि नवा कोड शेजारी ठेवून वाचलेले शनिवार कॉलेजच्या एका सेमिस्टरपेक्षा जास्त देऊन गेले.

हे काम कुणाला मानवणार नाही? ज्यांना डिझाइनच करायचंय आणि ड्राफ्टिंग ही खालची पायरी वाटते त्यांना. त्यांना रोज अपमान झाल्यासारखं वाटेल. ज्यांना महानगरपालिकेच्या मंजुरीची ड्रॉइंग शिकायची आहेत, त्यांनी आर्किटेक्टकडे जावं. तो धंदा वेगळा, तिथे एफएसआय आणि मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची जागा. इंटरव्ह्यूला जाल तेव्हा विचारा: बीबीएस ऑफिसात होतं की कॉन्ट्रॅक्टर करतो? चेकिंगला साइटवर कोण जातं? ट्रेनीचं ड्रॉइंग कोण तपासतं? तिसऱ्याचं उत्तर अडखळत आलं तर दुसरं ऑफिस बघा. ठाण्यात, बेलापूर-वाशीत कन्सल्टंटची वाण नाही.

कॉलेजच्या ट्रेनिंग डायरीवर सही दर आठवड्याला घ्या. शेवटी एकदम घेऊ म्हटलं तर सर नेमके साइटवर असतात. मी जानेवारीपासून शनिवारी येत राहणार आहे. नौपाड्यातल्या एका कामाचं दुसऱ्या मजल्याचं बीम डिटेलिंग माझ्याकडे आहे आणि त्यात बाहेरच्या रेषेतले सहा जॉइंट अजून सुटायचे आहेत.