न्यू जर्सीत दावा कुठे लावायचा: स्टेट कोर्टात की फेडरल?

एडिसन-जर्सी सिटीकडे आपल्या लोकांत कोर्टाचा विषय निघाला की ‘थेट फेडरलला जाऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. भारतात जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशी एकच उतरंड, त्यामुळे फेडरल म्हणजे वरचं कोर्ट असा समज होतो. अमेरिकेत मात्र राज्याची (स्टेट) आणि केंद्राची (फेडरल) अशा दोन उतरंडी शेजारी-शेजारी उभ्या आहेत आणि बहुतेक खटले स्टेटकडेच चालतात.

बऱ्याचदा निवडीचा प्रश्नच नसतो. घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्र हे स्टेटचं काम; दिवाळखोरी आणि पेटंट फेडरलचं. इमिग्रेशन कोर्ट या दोन्हींत बसत नाही, ते न्याय खात्याच्या हाताखाली चालतं. घरमालकाने डिपॉझिट अडकवलं असेल तर काउंटीच्या स्मॉल क्लेम्समध्ये जा. ५,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे वकिलाशिवाय चालवता येतात. घर सोडल्यावर ३० दिवसांत पैसे परत आले नाहीत, तर अडकवलेल्या रकमेच्या दुप्पट मागता येते. फेडरलमध्ये स्मॉल क्लेम्स नावाचा प्रकारच नाही.

खरा पेच नोकरीतल्या भेदभावाचा. १९६४ च्या फेडरल नागरी हक्क कायद्याखाली जायचं तर कंपनीत किमान १५ माणसं हवीत, आधी ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या समान संधीच्या फेडरल आयोगाकडे, तक्रार हवी, आणि मनस्तापाची व दंडात्मक भरपाई मिळून कमाल ३ लाख डॉलर. कंपनी लहान असेल तर त्याहून कमी. न्यू जर्सीच्या स्वतःच्या भेदभावविरोधी कायद्यात १५ माणसांची अट नाही, आधी आयोगाकडे जाण्याची सक्ती नाही, भरपाईवर तशी मर्यादाही नाही. माझं मत विचाराल तर स्टेटचं पारडं इथे स्पष्ट जड आहे. ज्यूरीचाही फरक पडतो: स्टेटच्या दिवाणी खटल्यात सहापैकी पाच जणांचं मत पुरतं, फेडरलमध्ये साधारणपणे एकमत लागतं.

दाव्यात फेडरल कायद्याचं एखादं कलम घातलंत, तर कंपनी समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत खटला फेडरलकडे ओढून नेऊ शकते. स्टेटमध्येच राहायचं असेल तर ते कलम गाळायचं की नाही, हे वकिलाला आधीच विचारा.

निव्वळ पैशाचा वाद फेडरलला न्यायचा तर रक्कम ७५,००० डॉलरच्या वर हवी आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या हव्यात. इथे एक गंमत आहे. एच-वन-बीवरचा भारतीय नागरिक कायद्याच्या नजरेत परदेशी, म्हणून न्यू जर्सीत राहूनही तो न्यू जर्सीच्या कंपनीला फेडरलमध्ये खेचू शकतो. ग्रीन कार्ड हाती आलं की तीच वाट बंद, कारण कायमचं घर त्याच राज्यात धरलं जातं. आणि समोरचाही एच-वन-बीवरच असेल तर ती मुळातच बंद.

तशी वाट मोकळी असली तरी करार मोडल्याच्या साध्या दाव्यासाठी मी ती धरणार नाही. फेडरलची फी ४०५ डॉलर, स्टेटच्या लॉ डिव्हिजनची (पैशाचे मोठे दावे चालतात तो विभाग) २५०, आणि फेडरल न्यायाधीशसुद्धा अशा दाव्यात न्यू जर्सीचाच कायदा लावतो. १९३८ पासून तसा दंडक आहे. समोरची कंपनी टेक्सासची असेल आणि तिच्याच गावच्या कोर्टात जायची वेळ आली, तर मात्र फेडरलचा विचार करावा. टेक्सासमध्ये न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. फेडरल न्यायाधीशाची नेमणूक तहहयात असते.

मुदती आधी तपासा. स्टेटच्या भेदभावविरोधी कायद्याला दोन वर्षं मिळतात, ईईओसीकडे न्यू जर्सीत फक्त ३०० दिवस.