दोन टक्के दलाली घेणारा मीच ५,५१,००० ला बुडालो

आधी हसून घ्या. जळगावात प्लॉट-घरांची दलाली करून मला चौदा वर्षं झाली. "मालकाला भेटल्याशिवाय टोकन देऊ नका" हे गिऱ्हाइकाला दिवसातून चारदा ऐकवणारा माणूस मी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात स्वतःसाठी प्लॉट घ्यायला निघालो आणि गाळात गेलो.

प्लॉट शिरसोली रस्त्याला, भाव १८,५०,०००. आजूबाजूला चोवीस लाखांच्या खाली काही नाही. स्वस्त म्हणजे पाणी मुरतंय, हे तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. पण विकणारा म्हणाला, काका सुरतला मुलाकडे असतात, गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसा हवाय, त्यांच्या वतीने विकायचा अधिकार देणारं जनरल मुखत्यारपत्र माझ्या नावावर आहे. खानदेशातली निम्मी भाऊबंदकी सुरत-उधन्याला आहे. यात संशय कसला घ्यायचा?

आणि सातबारा मी काढला होता हो. डिजिटल सहीचा, १५ रुपये भरून. मालकाचं नाव बरोबर, इतर हक्कात कर्जाचा बोजा नाही. एन.ए.चा, म्हणजे बिगरशेतीचा, आदेश पाहिला. मुखत्यारपत्र २०१६ चं, नोंदणी केलेलं. एकही कागद खोटा नव्हता. फक्त मालक जिवंत नव्हता. मुखत्यारपत्र देणारा मेला की ते पत्रही संपतं, आणि वारस नोंद लावली नाही तर मेलेला माणूस सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं नांदतो. विकणाऱ्यांनो, बाप गेला असेल तर नोंद आधी लावा, नाहीतर तुमची जागा पुतण्या विकतो.

व्यवहार ठरला धुळ्याला, त्याच्या घरी. माझ्या हातात मुखत्यारपत्र, त्यावर मालकाचा फोटो. समोरच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेली तसबीर. तेच रुंद कपाळ, उजव्या भुवईवर तोच मस. मी विचारलंसुद्धा, "हे कोण?" "आजोबा." मी मान डोलावली आणि बिस्कीट चहात बुडवलं. घराण्यात चेहरे मिळतात, म्हटलं. चेहरे मिळतात, मस मिळत नाही! रात्री झोप मोडते ती त्या बिस्किटापाशी. "काकांना व्हिडिओ कॉल लावा" असंही म्हणालो होतो. "आत्ता मालिशवाला आलाय," तो म्हणाला. पुन्हा विचारलं नाही, कारण त्याला सारखे दुसऱ्या गिऱ्हाइकाचे फोन येत होते. ही युक्ती मी स्वतः वापरतो.

५१,००० फोनवरून, २,००,००० चेकने, ३,००,००० रोख. विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेची, ५०० च्या स्टॅम्पवर, नोटरी करून. रोखीतले तीन लाख भावाचे, रावेरच्या केळीचे. कागद वकिलाला दाखवायचे ३,५०० मात्र वाचवले! नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, हेही माहीत होतं. सगळेच देतात म्हणून दिले.

खरेदीखताच्या दिवशी त्याचा फोन बंद. प्लॉटवर गेलो तर अमळनेरहून आलेली मालकाची मुलगी तारेचं कुंपण घालून घेत होती. "भाऊ, मना बाप जाईसन चार वरीस व्हयनात." माझ्याआधी तिघे जण येऊन हेच ऐकून गेले होते. पेपरात जाहीर नोटीस दिली असती तर ती अमळनेरला आधीच पोचली असती. तीही दिली नाही.

आता पोलीस. जळगावात म्हणाले, पैसे धुळ्यात दिले, तिकडे जा. धुळ्यात म्हणाले, जागा जळगावची. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, असं म्हटल्यावर साहेब हसले: "एवढा कायदा येतो, तर फसलात कसे?" मग "ही दिवाणी बाब आहे". एकच जागा चौघांना विकणं दिवाणी? "रोखीचा पुरावा?" पावतीवर सही आहे की त्याची! दुय्यम निबंधक म्हणतात, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेरात सांगितलं, एकट्या प्लॉटची फेरविक्री आमच्याकडे येत नाही. तलाठ्याने तर वर बघितलंच नाही; वारस नोंद वारसांनीच मागायची, तुम्ही कोण?

सहा चकरा झाल्या. भाऊ बोलत नाही. सोमवारी परत बोलावलंय, झेरॉक्सचे तीन सेट घेऊन या म्हणाले.