फास्टएपीआयचं डिपेंड्स वापरून: सेशन मिळतं झकास, बंद कधी होतं ते बघा

फास्टएपीआय हे पायथनचं वेब फ्रेमवर्क. त्यातलं डिपेंड्स (राउटला, म्हणजे एका पत्त्यावरची रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनला, लागणारी गोष्ट आपोआप पुरवणारं) आणि एसक्यूएलअल्केमीचं सेशनमेकर (डेटाबेसशी बोलायचं सेशन बनवून देणारं) ही जोडी बरेच महिने रोजच्या वापरात आहे. बेसिक सेटअप सगळ्यांना माहीत आहे, तो पुन्हा सांगत नाही.

आधीच्या कोडमध्ये प्रत्येक राउट स्वतःच सेशन उघडायचा. कुठल्यातरी एररच्या वाटेवर क्लोज राहून जायचं, कनेक्शन अडकायचं आणि गर्दीच्या वेळी 30 सेकंद ताटकळून एरर यायची: पूलमधली (तयार ठेवलेली) 5 कनेक्शन, ओव्हरफ्लोची (गरजेला जादा) 10, सगळं संपलं. आता इंजिन, एक्स्पायर-ऑन-कमिट वगैरे सेटिंग सेशनमेकरला एकदाच सांगितलं. गेट-डीबी या डिपेंडन्सी फंक्शनमध्ये यील्ड (इथे सेशन राउटच्या हातात जातं), फायनलीमध्ये क्लोज, राउटला तयार सेशन. लॉगिन तपासणारी डिपेंडन्सी आणि राउट दोघांनाही त्या रिक्वेस्टपुरतं एकच सेशन मिळतं, हे तर मला फार आवडलं. टेस्टमध्ये डिपेंडन्सी-ओव्हरराइड्सची एक ओळ लिहिली की डेटाबेस बदलतो.

आता माझं खरं दुखणं. यील्डनंतरची ओळ नक्की कधी चालते? फास्टएपीआयच्या 0.106 व्हर्जनपासून ती रिस्पॉन्स जाण्याआधी चालायची. 0.118 मध्ये ती पुन्हा रिस्पॉन्स गेल्यानंतर चालू लागली. स्ट्रीमिंगसाठी (उत्तर तुकड्यातुकड्यात पाठवताना) हे गरजेचं होतं, मान्य. पण नुसतं वाचणाऱ्या राउटमध्ये कमिट नसतो, त्यामुळे क्लोज होईपर्यंत कनेक्शन पूलमध्ये परत जात नाही. रिपोर्ट मोठा आणि समोरच्याचं मोबाइल नेट रडतखडत चालणारं असेल, तर तेवढा वेळ कनेक्शन फुकट अडकून. आमच्याकडे चार वर्कर, प्रत्येकी 15 म्हणजे 60 कनेक्शन; पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा 100. केवळ यासाठी मोठा सर्व्हर घेऊन दर महिन्याला जास्त पैसे मोजायला माझी अजिबात तयारी नव्हती.

तेव्हा मी सगळ्यांना जुन्याच व्हर्जनवर थांबा म्हणून सांगत होतो. आता तसं सांगणार नाही. 0.121 मध्ये डिपेंड्सला स्कोप, म्हणजे डिपेंडन्सी कधीपर्यंत जिवंत ठेवायची ते सांगायची सोय, आली. तिथे 'फंक्शन' दिलं की राउटचं काम संपताच, उत्तर नेटवर निघण्याआधीच सेशन बंद होतं. स्ट्रीमिंगच्या मोजक्या राउटना 'रिक्वेस्ट' ठेवलं, बाकी सगळीकडे 'फंक्शन'. पूलचा आकार एकानेही वाढवावा लागला नाही.

बॅकग्राउंड टास्कला (उत्तर गेल्यानंतर मागे चालणाऱ्या कामाला) मात्र राउटचं सेशन अजूनही देत नाही. तिथे फक्त रेकॉर्डचा आयडी पाठवतो आणि टास्कच्या आत सेशनमेकरकडून नवीन सेशन घेतो.